अमेरिकेतील जोडीदाराकडे जाताना : व्हिसाची वाट आणि आपली कागदपत्रे

लग्न बौद्ध पद्धतीने झाले. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन करून वधू-वरांनी त्रिशरण-पंचशील घेतले, भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांनी विधी लावला आणि विवाहाचे प्रमाणपत्रही दिले. मुलगा अमेरिकेचा नागरिक. तीन आठवड्यांची रजा संपवून तो परत गेला. "दोन महिन्यांत बोलावतो" असे सांगून गेला होता. पुढे वर्ष उलटते, मुलगी माहेरीच असते आणि शेजारीपाजारी विचारू लागतात. घरच्यांना वाटते मुलाने फसवले, मुलाला वाटते वकील ढिला आहे. खरे कारण बहुतेक वेळा कागदात असते. विवाहाची सरकारी नोंदणीच झालेली नसते, किंवा जन्मदाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असते.

आपल्यातले अनेकजण घरातली शिकलेली पहिली किंवा दुसरी पिढी आहेत. ज्यांच्या घरात काका-मामा आधीच परदेशात आहेत त्यांना ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्याला ती एजंटकडून विकत घ्यावी लागते, आणि पुष्कळदा चुकीची मिळते. म्हणून जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसाची वाट आम्ही इथे पहिल्या पायरीपासून मांडत आहोत.

आधी कोणता व्हिसा ते ओळखा

जोडीदार अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करत असेल तर पती किंवा पत्नीला एच-४ हा तात्पुरता व्हिसा मिळतो. त्याची वाट वेगळी आहे. या लेखातला व्हिसा कायम वास्तव्याचा आहे. तो दोघांनाच मागता येतो : अमेरिकेचा नागरिक असलेल्या जोडीदाराला आणि ग्रीन कार्ड असलेल्या जोडीदाराला.

या दोघांतही फरक आहे. नागरिकाच्या पती-पत्नीला 'निकटचे नातेवाईक' मानतात आणि त्यांच्या व्हिसांवर वार्षिक संख्येची मर्यादा नसते. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार 'एफ-२ए' या वर्गात मोडतो. तिथे मर्यादा आहे, त्यामुळे दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख येईपर्यंत रांगेत थांबावे लागते. लग्न ठरवतानाच समोरच्याला स्पष्ट विचारा : तुम्ही नागरिक आहात, ग्रीन कार्डधारक आहात, की एच-१बीवर? हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. मुलीचे पुढचे काही वर्षांचे आयुष्य त्या उत्तरावर ठरते.

नागरिकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाचे दोन प्रकार आहेत. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर सीआर-१, आणि दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड. दोन वर्षे झाली असतील तर आयआर-१, आणि दहा वर्षांचे कार्ड.

पहिली पायरी : याचिका

सुरुवात अमेरिकेतल्या जोडीदाराने करायची असते. तो किंवा ती यूएससीआयएस या खात्याकडे आय-१३० हा अर्ज दाखल करते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरानुसार त्याचे शुल्क ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर आहे. सोबत भारतातल्या जोडीदाराची माहिती देणारा आय-१३०ए हा फॉर्म जातो.

इथे दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. एक, विवाह कायद्याने वैध आहे. दोन, तो खरा आहे, केवळ ग्रीन कार्डसाठी केलेला नाही. आय-१३० मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. नाते मान्य झाले, एवढाच त्याचा अर्थ.

आपले विवाह प्रमाणपत्र

अमेरिकेचे खाते विवाह जिथे झाला तिथल्या कायद्याने तो वैध आहे का हे पाहते. बौद्ध पद्धतीचा विवाह भारतात वैध आहे, त्याबद्दल मनात शंका नको. पण महासभेचे किंवा विहाराचे प्रमाणपत्र हे सरकारी नोंदणी प्रमाणपत्र नव्हे. ते पुरावा म्हणून जरूर जोडा, मात्र मुख्य कागद सरकारी विवाह निबंधकाचाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवर नोंदणी होते. मुलगा परत जाण्याच्या आतच दोघांनी जाऊन ती करून घ्या. रजेच्या तीन आठवड्यांतला एक दिवस आधीपासून यासाठी राखून ठेवा.

एक सल आम्ही जाणतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांच्या आजी-आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना आपल्या विवाहावर 'हिंदू' कायद्याचे नाव खटकते. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायद्याची मागणी रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण तो कायदा येईपर्यंत नोंदणी टाळू नका. नोंदणी टाळल्याने कायदा बदलत नाही, मुलगी मात्र अडकून पडते.

ज्यांना त्या कायद्याखाली जायचेच नाही, किंवा ज्यांचा जोडीदार ख्रिस्ती वा मुस्लिम आहे, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तिथे वेळेचे गणित आधीच करा. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य हवे आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. परदेशातून येणाऱ्या मुलाने आल्यावर नोटीस देऊ म्हटले तर रजा संपेल आणि लग्न राहील. भारतातल्या जोडीदाराच्या वास्तव्यावर नोटीस वेळेत द्या.

दोघांनी वेगवेगळ्या देशांतून व्हिडिओवर केलेला विवाहही जपून. अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा दोघे एकमेकांसमोर हजर नसताना झालेला विवाह मानत नाही. अपवाद एकच : त्यानंतर दोघे प्रत्यक्ष भेटून पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले असतील तर.

पुनर्विवाह असेल तर

विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांचे पुनर्विवाह आपल्या समाजात सन्मानाने होतात, ही आपल्या चळवळीची कमाई आहे. पण आधीचा विवाह संपल्याचा कागद पक्का हवा. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेल्या काडीमोडीवर विसंबू नका. न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला जोडा. आधीचा विवाह कायद्याने संपण्यापूर्वी दुसरा झाला असेल तर तो दुसरा विवाहच अवैध ठरतो.

पहिल्या विवाहाचे मूल सोबत न्यायचे असेल तर आणखी एक गोष्ट. नागरिकाच्या अर्जात पत्नीसोबत मूल आपोआप येत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र आय-१३० भरावा लागतो, आणि सावत्र नाते मान्य होण्यासाठी विवाहाच्या वेळी मुलाचे वय १८ च्या आत असावे लागते. हे माहीत नसल्याने आईचा व्हिसा तयार आणि मूल मागे, अशी वेळ येते.

विवाह खरा असल्याचा पुरावा

फोटो, एकमेकांना केलेले फोन आणि संदेश, भेटीची विमान तिकिटे, पाठवलेले पैसे, विमा किंवा बँक खात्यात जोडीदाराचे नामनिर्देशन, असे पुरावे तारखेनुसार लावा. ढीगभर फोटोंपेक्षा निवडक पंधरा-वीस पुरेत. साखरपुडा, विवाह, दोन्हीकडचे आई-वडील आणि नंतरच्या भेटी त्यात असाव्यात.

आपल्या विवाहात सप्तपदी नाही, होम नाही, बऱ्याचदा पांढरी साडी असते, खर्चही बेताचा असतो. कित्येकांचे लग्न सामुदायिक विवाह मेळाव्यात होते. भारतीय लग्न म्हणजे घोडा आणि अग्नी असे चित्र ज्याच्या डोक्यात आहे त्याला हे फोटो अपुरे वाटू शकतात. म्हणून अर्जासोबत अर्ध्या पानाचे साधे निवेदन जोडा : आम्ही बौद्ध आहोत, आमचा विधी असा असतो, फोटोत दिसणाऱ्या प्रतिमा कोणाच्या आहेत. आंतरजातीय विवाह असेल आणि एका घरचे लोक लग्नाला आलेच नसतील, तर तेही लपवू नका. कारण लिहा आणि हजर असलेल्या मित्रांची प्रतिज्ञापत्रे जोडा.

दुसरी पायरी : नॅशनल व्हिसा सेंटर

याचिका मंजूर झाली की प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे ऑनलाइन खात्यात व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर भरावे लागतात. मग भारतातल्या जोडीदाराने डीएस-२६० हा अर्ज भरायचा आणि कागद स्कॅन करून चढवायचे. केंद्राकडून आलेल्या सूचनेनंतर एक वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर प्रकरण बंद होऊ शकते. त्यामुळे या खात्याचा केस क्रमांक आणि ईमेल दोघांकडेही असला पाहिजे, एकट्या नवऱ्याकडे किंवा एकट्या एजंटकडे नव्हे.

कागदांत सगळ्यात जास्त अडचण जन्मदाखल्याची येते. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा दाखला हवा आणि त्यावर बाळाचे नाव व आई-वडिलांची नावे हवीत. नावाचा रकाना कोरा असेल तर आधी नाव लावून घ्या. नोंदच सापडत नसेल तर त्याच कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या. त्यासोबत आई-वडिलांची किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा. कागद मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सही केलेले प्रमाणपत्र हवे.

आपल्याकडे नावांचा गोंधळ फार असतो. आजोबांच्या काळचे आडनाव शाळेत, बदललेले आडनाव पासपोर्टवर, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळे. आडनाव बदलले असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी जोडा. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि जातीच्या दाखल्यावर 'बौद्ध' असेल तर घाबरू नका. आय-१३० मध्ये जातीचा रकाना नाही आणि त्या फरकामुळे विवाह अवैध ठरत नाही. नाव, जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावे मात्र सगळीकडे जुळली पाहिजेत. लग्नानंतर मुलीने आडनाव बदललेच पाहिजे अशी व्हिसाची कोणतीही अट नाही. माहेरचे नाव ठेवून अर्ज करता येतो, आणि तसे केले तर कागदांची जुळवाजुळव सोपीच होते.

आर्थिक हमी : आय-८६४

अमेरिकेतल्या जोडीदाराने जोडीदाराच्या पोटापाण्याची लेखी हमी द्यावी लागते. त्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या मार्गदर्शक आकड्याच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होते. अलास्का आणि हवाई या राज्यांसाठी ती अधिक आहे. उत्पन्न कमी पडले तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सह-हमीदार होऊ शकतो. तो नातेवाईक असण्याची गरज नाही. तिथल्या आंबेडकरी बांधवांना आमचे सांगणे आहे की ओळखीच्या जोडप्यासाठी हे करता आले तर विचार करा. पण सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा, कारण हा कायदेशीर करार आहे.

हा करार येणाऱ्या जोडीदाराच्या बाजूचा आहे, हे मुलींनी लक्षात ठेवावे. घटस्फोट झाला तरी हमी संपत नाही. जोडीदार नागरिक होणे, त्याच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांच्या कामाच्या ४० तिमाही जमा होणे, त्याने ग्रीन कार्ड सोडून अमेरिका कायमची सोडणे किंवा मृत्यू, अशा मोजक्या कारणांनीच ती संपते.

चळवळीतल्यांसाठी खास

हा भाग शांतपणे वाचा. डीएस-२६० मध्ये कधी अटक झाली होती का, शिक्षा झाली होती का, असा प्रश्न असतो. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावनंतरच्या आंदोलनात आणि त्याआधीच्या, नंतरच्या अनेक मोर्चांत आपल्या मुलांवर गुन्हे दाखल झाले. कोणाची निर्दोष सुटका झाली, कोणाचा गुन्हा मागे घेतला गेला, कोणाची तारीख अजून चालू आहे. अटक झाली असेल तर खटला मिटला असला तरी उत्तर 'होय' असेच द्यायचे. सोबत एफआयआर, आरोपपत्र आणि न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या प्रमाणित प्रती जोडायच्या. शांततेच्या मोर्चातली अटक समजावून सांगता येते. लपवलेली अटक उघडकीला आली तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टलाच अडचण येते. अशा वेळी १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळवता येतो. हे काम व्हिसाची तारीख आल्यावर नव्हे, आजच वकिलाकडे द्या.

अर्जात गेल्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांच्या खात्यांची नावेही विचारतात. ती खरी लिहा. घाईघाईने खाती पुसून टाकल्याने शंका वाढतेच.

पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुबई, मस्कत, सिंगापूर अशा ठिकाणी वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचा दाखलाही लागतो. तो मागवायला वेळ जातो, म्हणून आधीपासून लागा.

तिसरी पायरी : मुंबईची मुलाखत

कागद पूर्ण झाल्यावर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाची तारीख मिळते. त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी करायची, कुटुंबाच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. छातीचा एक्स-रे आणि लसीकरण त्यात येते. लसींचे जुने कागद सोबत न्या.

मुलाखतीला भारतातला जोडीदार जातो. अमेरिकेतल्याने यायलाच हवे असे नाही. प्रश्न साधे असतात : भेट कशी झाली, लग्नाला कोण होते, तो काय काम करतो, घरात कोण कोण आहे. इंग्रजी फाडफाड येत नसेल तर लाजू नका, मराठी किंवा हिंदीतून बोलण्याची विनंती करा. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा खरे उत्तर बरे. सगळे मूळ कागद सोबत हवेत.

मुलाखतीनंतर '२२१-जी' लिहिलेला कागद हाती आला तर रडत बाहेर पडू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एखादा कागद कमी आहे किंवा तपासणी बाकी आहे एवढाच असतो. मागितलेला कागद द्या आणि पाठपुरावा करा. व्हिसा साधारणपणे जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, त्या मुदतीत प्रवास झाला पाहिजे. ग्रीन कार्डसाठी २३५ डॉलर शुल्क वेगळे भरावे लागते.

पोहोचल्यानंतर

सशर्त कार्ड असेल तर ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो. काही नवरे याच सहीचा धाक दाखवतात : "सही करणार नाही, परत पाठवीन." मुलींनो, हा धाक खरा नाही. छळ होत असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर नवऱ्याच्या सहीशिवाय, स्वतःच्या बळावर हा अर्ज करता येतो. संकटात ९११ हा क्रमांक आहे. कौटुंबिक हिंसाचारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ आहे. लग्न करून नवरा पळून गेला, इथेच टाकून गेला, तर राष्ट्रीय महिला आयोगाचा २००९ पासून चालणारा अनिवासी भारतीय कक्ष तक्रार घेतो. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत आईकडेही ठेवून जा.

शेवटी एजंटांबद्दल. "आतून काम करून देतो" म्हणणारा खोटे बोलतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचा सल्ला तिथला परवानाधारक वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधीच देऊ शकतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मूळ कागद कोणाला देऊ नका, न वाचलेले काही पाठवू नका. शुल्काचा आकडा भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहूनच भरा.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा आपल्या समाजाला ही वाट दाखवणारे कोणी नव्हते. आज आपल्यातले लोक तिथे आहेत आणि अनुभवही आहे. प्रत्येक शाखेने, प्रत्येक विहाराने वर्षातून एक रविवार विवाह नोंदणी आणि जन्मदाखल्यांच्या दुरुस्तीसाठी ठेवावा. परदेशी जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, आणि न जाणाऱ्यांनाही.

नमो बुद्धाय! जय भीम!